विष घालून पेशीबद्दल काय कळणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

देव बरें करूं, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल. पेशीचा सांगाडा तिच्यातले संदेशही ठरवतो, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचा आक्षेप असा की माटोळीला (गोव्यात चतुर्थीला गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधतात ती चौकट) बांधतो त्या कळलावीच्या वेलीतलं कोल्चिसिन हे विष पेशीला दिलं, तिचा सांगाडा मोडला आणि संदेश बदलले, तर त्यातून सिद्ध काय झालं? विष घातल्यावर सगळंच बिघडणार.

शंका रास्त आहे. लेखात ती मीच आधी घ्यायला हवी होती.

कोल्चिसिनवर अतिनील प्रकाश पाडला की त्याचं ल्युमिकोल्चिसिन होतं. अणू तेच, फक्त जोडणी बदललेली, आणि ते ट्युब्युलिनला, म्हणजे सांगाड्यातल्या नळ्या ज्या प्रथिनाच्या बनतात त्याला, चिकटत नाही. म्हणून प्रयोगात एका बशीत कोल्चिसिन घालतात, दुसरीत ल्युमिकोल्चिसिन. कोल्चिसिनमुळे न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएचे घटक) पेशीत शिरायचे अडतात, पण ल्युमिकोल्चिसिननेही अडतात. म्हणजे तिथे सांगाड्याचा संबंध नाही. तुमची शंका अशी तपासून घेतलेली असते.

मला मात्र खरी भुरळ पडते ती अ‍ॅक्टिनच्या प्रयोगाची. अ‍ॅक्टिन म्हणजे सांगाड्यातले धागे ज्याचे बनतात ते प्रथिन. तांबड्या समुद्रातल्या स्पंजातलं लॅट्रंक्युलिन आणि बुरशीतलं सायटोकॅलेसिन डी, दोन्हींनी अ‍ॅक्टिनचे धागे मोडतात. आता एमआरटीएफ नावाचं प्रथिन बघा. ते धाग्यात न गुंफलेल्या, सुट्या अ‍ॅक्टिनला धरून केंद्रकाबाहेर बसलेलं असतं. लॅट्रंक्युलिन दिलं तर ते तसंच अडकून राहतं आणि त्याच्या ताब्यातली जनुकं गप्प. सायटोकॅलेसिन डी दिलं तर अ‍ॅक्टिनची पकड सुटते, एमआरटीएफ केंद्रकात जातं आणि तीच जनुकं चालू होतात. मोडतोड दोन्हीकडे, निरोप उलटे! नुसत्या विषबाधेने हे घडलं असतं का? इथे निरोप ठरवतं ते सुटं अ‍ॅक्टिन, ज्याला आपण उरलेला माल समजत होतो.

मायक्रोट्यूब्यूलचंही, म्हणजे ट्युब्युलिनच्या त्या नळ्यांचंही, तसंच. त्यांच्यावर जीईएफ-एच१ नावाचं प्रथिन निजलेलं असतं. त्या मोडल्या की ते सुटतं, ऱ्हो नावाचं दुसरं प्रथिन जागं करतं आणि पेशी आकसते. मुळात १९६७ साली बोरिसी आणि टेलर या संशोधकांनी किरणोत्सारी खूण केलेलं कोल्चिसिन कुठे चिकटतं याचा माग काढला, म्हणून तर ट्युब्युलिन हाती लागलं.

तुम्ही विचारलंत, मग कळलावी माटोळीला बांधायची की नाही? आमच्या फोंड्याच्या घरी आम्ही बांधतो. बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, उलट्या वळलेल्या त्या पाकळ्यांशिवाय माटोळी मला ओकीबोकी वाटते. फक्त वेल कंदासकट उपटून आणू नका. कंदात आणि बियांत विष जास्त असतं. बांधून झालं की हात धुवा, आणि विसर्जनानंतर ती फुलं गुरांच्या तोंडी लागणार नाहीत अशी टाका.