ओळख पटवा!

नवा फोन घेतला की लोक पेढे मागतात. खरं तर त्यांनी भेटायला येताना नारळपाणी आणायला हवं.

डब्यात फोन, केबल, सिम काढायची पिन आणि मुंगीच्या अक्षरातलं माहितीपत्रक निघालं. चार्जर नाही. 2020 साली ॲपलने आयफोन 12च्या डब्यातून चार्जर काढला आणि कारण दिलं पर्यावरणाचं. इतर कंपन्यांनी आधी टिंगल केली, मग त्यांतल्या काहींनी गुपचूप आपलेही काढले. आमच्या घरात चार्जरने भरलेला अख्खा खण आहे, पण त्यातला एकही या केबलला घेत नाही. हेडफोनचं भोकही नाही. "काका, आता सगळं ब्लूटूथ," दुकानातला मुलगा म्हणाला. 'कालवश झाले' म्हणतात त्या सुरात.

मग बोटाचा ठसा. उचला, दाबा, आता कडेने दाबा. सातबाऱ्यासाठी आमच्या आजोबांनीही एवढे अंगठे उठवले नसतील. आणि इतकं करून भांडी घासून आलो की हा ओळख दाखवत नाही. चेहरा नोंदवताना त्या मुलाने चष्मा काढायला लावला होता. त्यामुळे चष्मा लावला की फोनला मी दिसत नाही, आणि काढला की मला फोन.

फोन बंद करावा म्हणून बाजूचं बटण दाबून धरलं, तर आतून एक बाई "मी काय मदत करू?" म्हणाली. तिलाच विचारलं, बंद कसा करायचा? तिने फोन निवडताना काय पाहावं यावर माहिती सांगायला सुरुवात केली. शेवटी भाचीने उलगडा केला: ते बटण आणि आवाज वाढवायचं बटण एकदम दाबायचं, की बंद करायचा पर्याय येतो. म्हणजे विषय बंद करायचा तर आवाज वाढवायचा. ही पद्धत आमच्या घरात आधीपासून आहे, पण फोनमध्ये असेल असं वाटलं नव्हतं.

जुन्या फोनला माझी भाषा पाठ होती. 'पो' म्हटलं की तो 'पोहोचलो' पुढे करायचा. नव्याने 'पोलीस' पुढे केलं आणि बायकोला तेवढाच मेसेज गेला. तिचे अकरा मिस्ड कॉल आले, पण नवा फोन सायलेंट कुठून निघतो हे तोवर कळलं नव्हतं.

पण खरी परीक्षा यूपीआयची. फोन बदलला की ॲप आपल्या सिमवरून बँकेला एक एसएमएस धाडतं, नंबर तुमचाच ना ते बघायला. दोन सिम असली की ते हटकून बँकेला अनोळखी असलेलं सिम आधी निवडतं. ते निस्तरलं, तर पिन. पिन मला कधीच पाठ नव्हता, तो बोटाला पाठ होता, आणि नव्या कीपॅडवर बोट बावचळलं. पिन नव्याने करायचा तर डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे हवेत. माझ्या कार्डावरचा शेवटचा आकडा 3 आहे की 8, यावर घरात मतभेद आहेत. सगळं जमल्यावर कळलं, फोन नवा म्हणून पहिले 24 तास 5,000 रुपयांच्या वर पाठवता येणार नाहीत. माझेच पैसे, पण मी परीक्षाधीन!

हा सोहळा भाजीवाल्या मावशींच्या गाडीपुढे चालला होता. मागे रांग, शेजारच्या गाडीवरचा स्पीकर दुसऱ्यांचे वीस-तीस रुपये जमा झाल्याचं खणखणीत सांगतोय, आणि माझ्या पडद्यावर गोल फिरतंय.

"राहू द्या हो साहेब, उद्या द्या. तुम्हाला काय मी ओळखत न्हाई?"

सकाळपासून मला ओळखणारी ही पहिलीच व्यक्ती. गहिवरून आलं.

"नवा घेतला वाटतं? केवढ्याला पडला?"

मी आकडा सांगितला. मावशींनी माझ्या पिशवीत टाकलेला फुकटचा कढीपत्ता उचलला आणि परत टोपलीत ठेवला.