‘ओसाड वाळवंट’ म्हणे!

भाचा आठवीत आहे. इतिहासाच्या प्रकल्पवहीत त्याने पॅलेस्टाइनचा नकाशा काढलाय आणि समुद्रकिनाऱ्यापासून जॉर्डन नदीपर्यंत सगळा भाग पिवळ्या खडूने रंगवून टाकलाय. वर ठळक अक्षरांत ‘ओसाड वाळवंट’. कुठून आणलंस विचारलं, तर म्हणाला, ‘आजोबांनी पाठवलं.’ म्हणजे माझ्या बाबांनी. बाबांना ते आलं सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवरून. ‘शाळेत न शिकवलेला इस्रायलचा खरा इतिहास’, मुद्दे पाच, खाली ‘किमान दहा जणांना पाठवा’. मला हा मजकूर आजवर चार वेळा आला आणि चारही वेळा मी न बोलता पुसून टाकला. आता तो वहीत उतरलाय आणि वही सोमवारी जमा करायची आहे.

तर मजकुराचं म्हणणं असं: ज्यू आणि अरब दोन हजार वर्षांचे वैरी; जमीन ओसाड होती, अरब नंतर मजुरीला आले; जी काही होती ती अरबांनीच विकली; 1948 मध्ये इस्रायल झालं तेव्हाच्या लढाईत ते आपणहून निघून गेले; आणि पॅलेस्टाइन नावाचं काही कधी नव्हतंच.

दोन हजार वर्षांचं वैर आधी उरकते. पुण्यात राहून हे पुढे पाठवायचं म्हणजे कमाल आहे. कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, ज्याने बांधायला घेतलं, ज्याच्या नावाच्या दवाखान्यात अर्धं पुणे कधी ना कधी रांगेत उभं राहिलंय, तो डेव्हिड ससून बगदादचा ज्यू. बगदादच्या ज्यूंची घरची बोली अरबीच. तिथला सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचाने त्याला गाव सोडावं लागलं हेही खरं, तेव्हा सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं असं मी म्हणत नाही. पण सुभेदाराचा जुलूम वेगळा आणि एकाच जमिनीवर दोन समाजांनी देश म्हणून हक्क सांगणं वेगळं. हे दुसरं भांडण 1880 च्या दशकातलं, रशियात ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या आणि तिथून लोक पॅलेस्टाइनला येऊ लागले तेव्हाचं. 1917 मध्ये इंग्रजांनी बाल्फोर जाहीरनाम्यात दुसऱ्याच्या जमिनीवर ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देऊ केलं आणि ते पेटलं.

आता ते ‘ओसाड’. 1922 साली इंग्रजांनी तिथे शिरगणती केली. माणसं भरली 7 लाख 57 हजार. त्यांत मुसलमान सुमारे 5 लाख 90 हजार, ज्यू 84 हजारांच्या आसपास, ख्रिश्चन 70 हजारांहून जास्त. अरब म्हणे नंतर मजुरीला आले! मग हे साडेसहा लाख कोण होते? आणि इंग्रजांवर विश्वास नसेल तर अहाद हाआम वाचावा. हा ओडेसाचा, झायनवादी (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारू पाहणारा) विचारवंत, म्हणजे घरचाच माणूस. 1891 मध्ये स्वतः फिरून आल्यावर त्याने लिहिलं की बाहेर आपण समजतो तसा हा देश ओसाड नाही. पेरणीजोगी आणि न पेरलेली जमीन इथे शोधून सापडत नाही. किनाऱ्यावरच्या जाफा शहराची संत्री तर एकोणिसाव्या शतकातच पेट्या भरभरून युरोपला जात होती. आणि आमच्या चिरंजीवांनी नेमका जाफाच पिवळाधमक करून ठेवलाय. दक्षिणेचं नेगेव मात्र खरंच वाळवंट आहे आणि नकाशाचा जवळपास निम्मा भाग तेच खातं, हे कबूल. किनाऱ्यालगतच्या दलदली उपसताना ज्यू वसाहतकरी मलेरियाने मेले, हेही कबूल.

जमीन विकली, या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त चालतो. विकली, पण कोणी? तिथे तेव्हा ऑटोमन तुर्कांचं राज्य होतं. त्यांच्या 1858 च्या जमीन कायद्यानंतर कर आणि लष्करभरतीच्या भीतीने कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या नावावर नोंदच केली नाही. गावंच्या गावं शहरातल्या सावकार-व्यापाऱ्यांच्या नावे चढली. उत्तरेकडच्या मर्ज इब्न आमिरच्या खोऱ्यातली मोठी जमीन बैरुतच्या सुरसोक कुटुंबाची होती. त्यांनी 1920 च्या दशकात ती ज्यू संस्थांना विकली आणि पिढ्यान् पिढ्या कसणारी कुळं उठवली गेली. आमच्या पणजोबांनी कोकणात खोताची जमीन कसली. खोताने मुंबईत बसून सही केली असती तर ‘कुळांनी जमीन विकली’ असं बाबा म्हणाले असते का? शिवाय एवढं सगळं विकूनही 1947 पर्यंत ज्यूंच्या मालकीची जमीन भरली फार तर 7 टक्के. बाकीची सगळी अरबांच्या नावे नव्हती, बरीच सरकारी होती. पण ‘देश विकून खाल्ला’ म्हणायला 7 टक्के फारच कमी पडतात.

चौथ्या मुद्द्यावर मात्र माझं डोकं फिरतं. अरब नेत्यांनी रेडिओवरून ‘घरं सोडा’ सांगितलं आणि लोक उठून गेले म्हणे. त्या काळचं तिथलं रेडिओ-प्रसारण बीबीसी ऐकून टिपून ठेवत असे. अर्स्किन चाइल्डर्स या आयरिश पत्रकाराने त्या नोंदी चाळल्या आणि 1961 मध्ये छापलं की असा एकही हुकूम सापडत नाही. हैफात स्थानिक अरब पुढाऱ्यांनीच निघायचं ठरवलं आणि ज्यू महापौर शब्ताई लेव्ही ‘राहा’ म्हणून विनवत होता, हे खरं. पण ते एक शहर. 9 एप्रिल 1948 ला दैर यासिन या अरब गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभराहून जास्त माणसं मारली आणि त्या बातमीने गावोगाव पळापळ झाली. (चारच दिवसांनी ज्यूंच्या हदासा इस्पितळाकडे निघालेल्या ताफ्यावर अरबांनी हल्ला करून 78 जण मारले, त्यांत डॉक्टर आणि नर्स होत्या. तेही सांगायला हवं.) जुलैत इस्रायली सैन्याने लिद्दा आणि रामले या अरब शहरांतून 50 हजारांहून अधिक लोकांना उन्हातान्हात हाकलून दिलं. हाकलण्याच्या आदेशावर सही यित्झाक राबिनची, पुढे पंतप्रधान झाला तोच. त्याने आठवणींत हा प्रसंग लिहिला, इस्रायली सेन्सॉरने तो कापला, आणि 1979 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापला.

आणि समजा, काही जण भीतीने आपणहून गेलेच. मग? लढाई थांबल्यावर सुमारे 7 लाखांना परत येऊ दिलं नाही, त्याचं काय? घर सोडून जाणं म्हणजे घर सोडून देणं नव्हे. उल्हासनगरच्या सिंध्यांना जाऊन सांगा, तुम्ही आपणहून आलात म्हणून.

हीच थाप उलट्या बाजूनेही येते. माझ्या एका मैत्रिणीचा फॉरवर्ड होता: इराकचे ज्यू 1950-51 मध्ये ‘स्वखुशीने’ इस्रायलला गेले. एक लाखाहून जास्त माणसं नागरिकत्वावर पाणी सोडून गेली, आणि मार्च 1951 मध्ये इराकी सरकारने कायदा करून त्यांची मालमत्ता गोठवली. 1941 च्या बगदादमधल्या ज्यूंच्या कत्तलीनंतरची ही स्वखुशी! ससूनच्याच गावची माणसं ती. तिलाही मी हेच लिहिलं, तेव्हापासून ती बोलत नाही.

पाचवा मुद्दा दोन ओळींचा. त्या नावाचं स्वतंत्र राष्ट्र नव्हतं, बरोबर. पण जाफात 1911 पासून ‘फलस्तीन’ नावाचं वर्तमानपत्र निघत होतं, आणि 1932 मध्ये ज्यूंनी काढलेल्या इंग्रजी दैनिकाचं नाव होतं ‘पॅलेस्टाइन पोस्ट’. महाराष्ट्र राज्य 1960 चं. त्याआधी इथे काय माणसं राहत नव्हती?

पिवळा खडू खोडरबराने जात नाही, नुसता फासतो. शेवटी वरून पांढरा कागद चिकटवला. आता भाचा जाफाशेजारी नारिंगी ठिपके काढत बसलाय. नेगेव तेवढं पिवळं ठेवायला सांगितलंय. बाबांनी हे सगळं वाचलं, ‘बरं’ म्हणाले आणि ग्रुपवर सुप्रभातचं फूल पाठवलं.