भरतपूर भिंतीमुळे वाचलं नाही

हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांचे फोटो फिरायला लागले की त्यांच्यासोबत एक मजकूरही फिरू लागतो. त्याचा आशय असा: राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव हे निसर्गानं दिलेलं तळं. राजेमहाराजांनी तिथे शिकारी केल्या, गावकऱ्यांनी गुरं सोडून ते ओरबाडलं. मग सरकारनं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं, भिंत घातली, म्हशी बाहेर काढल्या आणि पक्ष्यांचं नंदनवन उभं राहिलं. सायबेरियन क्रौंच मात्र तोवर गावकऱ्यांच्या त्रासानं निघून गेले होते. तेव्हा माणसाला बाहेर काढा, निसर्ग आपला आपण सावरतो. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरलाही हेच करा.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना पक्ष्यांची खरीच काळजी असते. म्हणूनच तो खोडून काढणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यात सांगितलेला उपाय पाणथळ जागेला मारू शकतो.

सुरुवात ‘निसर्गानं दिलेलं तळं’ इथून करू. भरतपूरला पूर्वीपासून एक सखल भाग होता आणि गंभीर व बाणगंगा या नद्यांचं पुराचं पाणी तिथे पसरायचं, एवढं खरं. पण अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध झाला. पुढे बदकांच्या शिकारीसाठी संस्थानिकांनी आत बंधारे घातले, पाट काढले, दरवाजे बसवले. आजही पावसाळ्यात अजान बांधातून पाणी सोडलं जातं आणि ते एका भागातून दुसऱ्या भागात खेळवलं जातं. चित्रबलाक, पाणकावळे, तिरंदाज ज्या बाभळींवर घरटी करतात, त्यांतल्या कित्येक पाण्यात मुद्दाम केलेल्या मातीच्या उंचवट्यांवर वाढलेल्या आहेत. या जागेतून माणूस खरोखर बाजूला झाला, दरवाजे उघडायला कुणी उरलं नाही, तर काही वर्षांत तिथे काटेरी रान माजेल.

शिकारीबद्दल मात्र तो मजकूर बरोबर आहे. 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी मारले गेले. तो आकडा तिथल्या दगडी फलकावर कोरलेला आहे. ही कत्तल कायद्यानंच थांबली आणि ती थांबायलाच हवी होती.

आता म्हशींचा मुद्दा. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

1982 मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार राष्ट्रीय उद्यानात गुरचराईला परवानगी नाही. चराई बंद व्हावी असं पक्षितज्ज्ञ सालिम अलींसह अनेक जाणकारांचंही मत होतं. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या तिथे चरणारी आसपासच्या गावांची गुरं चाऱ्याची दुसरी सोय न करता बंद झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला, माणसं मेली. ‘म्हशी बाहेर काढल्या’ असं दोन शब्दांत उरकणाऱ्यांनी हे मृत्यू विसरू नयेत.

आणि त्यानंतर नंदनवन उभं राहिलं का? मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं, म्हणजे सालिम अलींच्याच संस्थेनं, 1980 पासून तिथे दहा वर्षं अभ्यास केला. त्यातून निष्पन्न झालं ते अपेक्षेच्या उलट होतं. पास्पालम नावाचं, उथळ पाण्यावर पसरत जाणारं गवत म्हशी पाण्यात उतरून खायच्या. त्या गेल्यावर गवतानं पाणी झाकून टाकलं. बदकांना आणि वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांना उतरायला, पोहायला, डुबी मारायला मोकळं पाणी लागतं, तेच आक्रसलं. माशांची जागा गेली, तर मासे खाणाऱ्या पक्ष्यांची अडचण झाली. कुजलेलं गवत तळाशी साचून पाणी आणखी उथळ होऊ लागलं, आणि सुकलेल्या गवतानं उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढवला. चराईबंदीनं पक्ष्यांचं भलं झालं नाही, उलट नुकसान झालं, असा निष्कर्ष त्या अभ्यासानं मांडला. आपल्याच ज्येष्ठांच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष संस्थेनं जाहीर केला, याचं मला फार मोल वाटतं. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून नेण्याची परवानगी देण्यात आली. कितीही गुरं कशीही सोडा, असा याचा अर्थ नाही. किती जनावरं, कोणत्या महिन्यांत, कोणत्या भागात, हे ठरवावंच लागतं. पण शून्य हा आकडा इथे चुकीचा ठरला.

क्रौंचांबद्दलचा आरोप तर सरळ उलटा पडतो. 1964-65 च्या हिवाळ्यात केवलादेवला सुमारे 200 सायबेरियन क्रौंच होते आणि त्या काळात तिथे म्हशी चरत होत्या. संख्या नंतर घटत गेली. गुरं बंद झाल्यावरही ती सावरली नाही. शेवटची जोडी 2001-02 च्या हिवाळ्यात दिसली. हे पक्षी पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तानमार्गे हजारो किलोमीटर उडत यायचे. वाटेत त्यांची शिकार व्हायची, वाटेतले विसाव्याचे पाणवठे आटत गेले. त्याचं खापर भरतपूरच्या गवळ्यांवर फोडणं हा अन्याय आहे.

भिंतीबद्दल बोलायचं तर 29 चौरस किलोमीटरभोवती ती आहेच. पण पाणी भिंतीबाहेरून येतं. गंभीर नदीवर वरच्या बाजूला, करौली जिल्ह्यात पांचना धरण झालं आणि खाली येणारा प्रवाह तुटला. उद्यानाला वर्षाला साधारण 550 दशलक्ष घनफूट पाणी लागतं, आपल्याकडच्या हिशेबात अर्ध्या टीएमसीहून किंचित जास्त. 2004 च्या सुमारास पाण्यावरून शेतकरी आणि उद्यान असा वाद पेटला, तेव्हा याचा जेमतेम अंश पोचला. राष्ट्रीय उद्यान, रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), 1985 पासून जागतिक वारसा, अशी सगळी बिरुदं असूनही तळी कोरडी पडली. पुढे गोवर्धन नाल्यातून आणि चंबळेच्या योजनेतून पाणी आणावं लागलं. त्यातही एक मेख आहे. नदीच्या पुरासोबत माशांची कोट्यवधी पिल्लं उद्यानात यायची आणि त्यांच्यावर सारंगागारातली, म्हणजे पाणपक्ष्यांच्या घरट्यांच्या वसाहतीतली, पिल्लं वाढायची. नळानं आणलेल्या पाण्यासोबत ती येत नाहीत.

उलट, भिंतीआत माजलेली विलायती बाभूळ काढायला गावकऱ्यांचेच हात कामी आले. त्यांनी झाडं मुळासकट उपटली आणि मोबदल्यात लाकूड नेलं.

राहिलं नांदूर मध्यमेश्वर, ज्याला आपण कौतुकानं महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो. 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. तेही बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. निफाडची शेती, मासेमारी आणि पक्षी तिथे एकाच पाण्यावर जगतात. गाळ साचतोय, जलपर्णी पसरते, आणि पाण्याची पातळी ठरते ती वरच्या धरणांतून कधी किती पाणी सुटतं त्यावर. नाशिकमधून जायकवाडीकडे पाणी सोडण्यावरून दर दुष्काळात भांडण होतं आणि ते पाणी याच बंधाऱ्यातून पुढे जातं. त्या चर्चेत पक्ष्यांच्या वाट्याचं पाणी कुणी मागत नाही. आपण ते मागायला हवं.

शिवाय नांदूर मध्यमेश्वर आज अभयारण्य आहे. अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवून ती चालू देण्याची मुभा कायद्यात आहे. राष्ट्रीय उद्यान करा, भिंत घाला म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की तो दर्जा मिळाला की ही मुभा संपते, आणि पुढे गवतानं पाणी झाकलं तरी एक म्हैसही आत सोडता येणार नाही.