पेटी उचलली जाण्याआधी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या आत्याला मी दर महिन्याला एक कार्ड पाठवतो. डेन्मार्कमधल्या आरहूसला राहायला आलो तेव्हापासून, म्हणजे ११ वर्षं. पत्ता मराठीतच लिहितो, देशाचं नाव तेवढं रोमन लिपीत. इथल्या माणसाला ती एक ओळ वाचता आली की झालं, पुढचं काम पिनकोड करतो. १५ ऑगस्ट १९७२ ला हे सहा आकडे देशाला मिळाले ते श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसामुळे, संस्कृतच्या पंडितामुळे. ४१६ दिसलं की कार्ड आपल्या मुलखाकडे वळतं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

३० डिसेंबर २०२५ ला पोस्टनॉर्ड या इथल्या सरकारी टपाल कंपनीने डेन्मार्कमधलं पत्रवाटप बंद केलं. १६२४ मध्ये राजा चौथा ख्रिश्चन याने सुरू केलेली टपालसेवा ही. रस्त्यांवरच्या १५०० लाल पेट्याही काढून टाकल्या.

कोल्हापूरच्या मामेभावाला फोनवर हे सांगितलं, तर तो म्हणाला, "भावा, बरोबर केलं की त्यांनी. ५० पैशाचं कार्ड आता कोण घेतंय? आपल्यातलं पण बंद करून टाकायचं. सरकारचा नुसता तोटा." मामेभाऊ वकील आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं म्हणून तो खुशीत होता. लगेच १ सप्टेंबरला रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा मात्र चिडला होता. नोटिशीची पोच हा त्याच्या धंद्याचा कणा. नोंदणीची सोय स्पीड पोस्टात जादा ५ रुपये आणि जीएसटी भरून मिळते, हे कळल्यावरच तो शांत झाला. स्वतःला लागतं ते टपाल हवं, आत्याला लागतं ते तोट्याचं, हे मला पटत नाही.

इथलं टपाल एका दिवसात संपलं नाही. २०१६ ला दुसऱ्या दिवशी पोचणारं साधं पत्र बंद केलं. पत्राला पाच दिवसांपर्यंत लागायला लागल्यावर लोकांनी लिहिणं आणखी कमी केलं. २०२४ च्या नव्या कायद्याने प्रत्येक घरी पत्र पोचवण्याचं बंधन काढलं, करातली सवलतही काढली, आणि एका साध्या पत्राला २९ क्रोनर पडू लागले. आपले ४०० रुपयांच्या आसपास. मग आकडे दाखवले: वर्षाला १४० कोटी पत्रं होती, ती ११ कोटींवर आली. आकडे खरेच आहेत. पण प्रत्येक पायरीला पत्र पाठवणाऱ्यालाच मागे ढकललं, आणि शेवटी पत्रं येत नाहीत म्हणून सांगितलं. आता दाओ नावाची खासगी कंपनी पत्रं नेते. माझं कार्ड मी तिच्यासाठी दुकानात नेऊन देतो. मला चालता येतं, दुकान जवळ आहे.

डेन्मार्कला हे परवडलं, कारण २०१४ पासून इथला सरकारी पत्रव्यवहार मोबाइलवर येतो. दवाखान्याची तारीख, कराची नोटीस, सगळं. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. तरीही ६० लाखांच्या या देशात अडीच लाखांहून जास्त लोकांनी त्यातून सूट घेतली आहे. त्यांना कागदच लागतो.

भुदरगड, राधानगरी, गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात मोबाइलची रेंज किती टिकते, हे मामेभावाला मी सांगायची गरज नाही. देशातल्या १ लाख ६० हजारांवर पोस्टांपैकी सुमारे ९० टक्के खेड्यांत आहेत. तिथला ग्रामीण डाकसेवक कार्ड आणतो आणि त्याच फेरीत दारात पोस्ट बँकेचे पैसेही देतो. मग त्या फेरीचा खर्च एकट्या कार्डाच्या माथी कसा मारायचा?

कार्डाची किंमत वाढवा. ५ रुपये करा, मी आनंदाने देईन आणि आत्याही देईल. पण पेटी रोज उघडा. गेल्या मेमध्ये सुट्टीला आलो होतो, तेव्हा कोल्हापुरात पेठेतल्या पेटीत एक कार्ड टाकलं, ते चौथ्या दिवशी गारगोटीत होतं. आत्याने फोन करून ते मला वाचून दाखवलं, मी शेजारच्या गावी असल्यासारखं. हे चार दिवस आठ होऊ देऊ नका, कारण आरहूसची सुरुवात तिथूनच झाली.

मामेभावाला मी एवढंच म्हटलं: नोटिशीसाठी जसा भांडायला उठलास, तसा एकदा कार्डासाठी ऊठ.