पहिली दहा मिनिटं

परवा पुण्यात एका गाण्याच्या कार्यक्रमाचे फोटो काढायला गेले होते. गळ्यात बिल्ला अडकवता अडकवता दारातल्या स्वयंसेवक मुलाने बजावलं, "मॅडम, फक्त पहिली दहा मिनिटं हं. नंतर कॅमेरा बॅगेत." विशीतला पोरगा, नवाकोरा झब्बा, वागायला अगदी गुणी. अकरावं मिनिट लागलं तसा माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला आणि हात जोडले. ठेवला कॅमेरा बॅगेत.

त्यानंतर तासाभराने द्रुत, म्हणजे जलद लयीतला तराणा रंगला होता. गायिकेने तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेतली, तबल्यावरही तीच पडली, दोघं एकदम समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आले आणि त्या खळखळून हसल्या. डावा हात स्वरमंडळावर, उजवा तबलजीकडे पसरलेला, कानातलं कुडं दिव्यात चमकलेलं. हा फोटो माझ्याकडे नाही. प्रेक्षकांतल्या शे-दीडशे मोबाइलमध्ये असेल, कारण मोबाइलवाल्यांना कोणी हात जोडत नाही. पण त्यात गायिका नखाएवढी आणि मागच्या एलईडी पडद्यावरचं प्रायोजकाचं नाव हाताएवढं.

हा नियम कुठून आला हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रॉक-पॉपच्या कार्यक्रमांत जगभर चालतो : पहिली तीन गाणी, फ्लॅश मारायचा नाही, मग बाहेर. तिथे तो चपखल बसतो. पहिल्याच गाण्याला धूर, दिवे, उड्या सगळं सुरू होतं, गायकाचा मेकअप ताजा असतो आणि आवाज एवढा की कॅमेऱ्याचं शटर कोणाच्या बापाला ऐकू येत नाही. २०१० साली पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाल्यापासून आपल्याकडच्या आयोजकांच्याही ही शिस्त अंगवळणी पडली. शिस्त चांगलीच आहे. पण ती जशीच्या तशी उचलून ख्यालाला, आपल्या शास्त्रीय गाण्याला लावायची म्हणजे कमाल झाली.

ख्यालाच्या पहिल्या दहा मिनिटांत काय असतं? तंबोरे पुन्हा एकदा जुळतात. गायक डोळे मिटून षड्ज लावतो. विलंबित, म्हणजे संथ एकतालाचं एकेक आवर्तन (तालाचा एक फेरा) मिनिटभर रेंगाळतं. अख्खी मैफल श्वास धरून बसते आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही आठ-दहा जण सतरंजीवर गुडघे टेकून खटक-खटक सुरू करतो. दहाच मिनिटं मिळालीत म्हटल्यावर प्रत्येक जण अधाशासारखा मारत सुटतो. म्हणजे जिथे आमचा उपद्रव सगळ्यात जास्त तिथे परवानगी, आणि द्रुत लयीत, तबल्याच्या दणदणाटात आमचा आवाज कोणाला कळणारसुद्धा नाही, तिथे बंदी!

हे मी शहाणपणाने सुचलेलं सांगत नाहीये, मार खाऊन शिकलेय. पंधराएक वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ गायिकेच्या मैफलीत मी अगदी पुढ्यात बसले होते. नवा कॅमेरा, नवा उत्साह. आलापीत, म्हणजे सुरुवातीच्या संथ विस्तारात, त्या मधेच थांबल्या. डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आधी तुझं होऊ दे बाळ, मग मी गाते." सभागृहात हशा झाला. मी बॅग आवरून मागच्या रांगेत जाऊन बसले आणि उरलेलं गाणं ऐकलं. धड असं पहिल्यांदाच ऐकलं बहुधा.

"सायलेंट शटर वापरा की" असं सुचवणाऱ्यांसाठी : वापरते. पण त्या शटरला स्टेजवरच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात. गायकाच्या कपाळावर झेब्रा. सगळ्या कॅमेऱ्यांत होतं असं नाही, पण ज्यांत होत नाही त्यांच्या किमती बघितल्या की माझ्याच कपाळावर आठ्या उमटतात.

त्यापेक्षा गाणं कळणं स्वस्त पडतं. बसायचं कुठे इथपासून ते उपयोगी येतं. गायकाच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी. समेवर येताना गायक बहुतेक वेळा तबल्याकडे बघतो, म्हणजे प्रेक्षकांतून पाहताना डाव्या अंगाला बसलात तर चेहरा पूर्ण मिळतो आणि हनुवटीपुढचा माइकही बाजूला सरकतो. नवीन पोरं पेटीच्या बाजूला बसतात, कारण तिथे जागा रिकामी असते. ती का रिकामी असते, हा विचार कोणी करत नाही. आणि बटण समेवर दाबून चालत नाही, अर्धी मात्रा आधी दाबावं लागतं. त्यासाठी मनात ताल चालू पाहिजे. सतीश पाकणीकरांनी काढलेले गायक-वादकांचे फोटो बघा. माणूस आधी कान देऊन बसलाय हे फोटोतून कळतं. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालू आहे, तिथल्या गर्दीत रागाची वेळ नि तालाच्या मात्रा चोख सांगणारे शेकड्याने सापडतील. फोटोग्राफरांच्या घोळक्यात मात्र, माझ्यासकट, हाताच्या बोटांवर.

सिनेमाच्या प्रीमियरला यातलं काहीच लागत नाही. मुंबईत मी काही वर्षं तेही केलंय. मागे बॅनर, पुढे चाळीस जण आणि नुसता आरडाओरडा : "सर, लेफ्ट! मॅम, सोलो! इकडे इकडे, वरती!" कलाकारही सरावलेले, तीन सेकंद डावीकडे, तीन उजवीकडे, झालं. मला त्यात वाईट काही वाटत नाही, दोन्ही बाजूंना कळतंय काय चाललंय ते. वाईट तेव्हा, जेव्हा बॅनर संपतो आणि कॅमेरा संपत नाही. २०२३च्या फेब्रुवारीत आलिया भट्टचे तिच्या राहत्या घरातले फोटो शेजारच्या इमारतीवरून काढले गेले, ते आठवा. त्याला फोटोग्राफी म्हणत असतील तर मग मी दुसरं काहीतरी करते.

(चित्रप्रदर्शनांच्या उद्घाटनाबद्दल न बोललेलं बरं. बालगंधर्व कलादालनात मी काढलेल्या निम्म्या फोटोंत सगळे पाहुणे चित्रांकडे पाठ करून समईकडे बघताहेत.)

तर आयोजकहो, माझं मागणं एवढंच. आलापीत आम्हाला पुढे सोडूच नका. आम्हीही बाकीच्यांसारखं मागे बसून ऐकू. लय वाढली की खुणेने बोलवा, एका बाजूला खाली बसवा, उठून फिरणाऱ्याचा बिल्ला काढून घ्या. गायकांना आधी विचारा, काहींना तेही नको असतं, तर तेही बरोबर.

परवाच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला आयोजकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला : "ताई, ते तराण्यात हसल्या ना, तो फोटो पाठवा लगेच. पेपरला द्यायचाय."

मी तंबोरे जुळवतानाचे चार पाठवले.