व्हिएन्नाला परवडतं, कारण ती श्रीमंत आहे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हे ‘हरित’ शहर आहे, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप असे: जुन्या ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्याची पुंजी असलेल्या श्रीमंत शहराला पर्यावरणाचे लाड परवडतात, बस-ट्राम-मेट्रोचा ३६५ युरोचा वार्षिक पास ही निव्वळ जाहिरातबाजी होती, आणि कचरा जाळणाऱ्या शहराला ‘हरित’ म्हणणं दिशाभूल आहे.

साम्राज्याची पुंजी म्हणाल तर पाण्याच्या बाबतीत ते खरं आहे. विहिरींच्या दूषित पाण्याने रोगराई पसरत होती, तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी डोंगरातलं झऱ्याचं पाणी आणायचा आग्रह धरला. १८७३ साली श्नेबर्ग आणि राक्स डोंगरांमधलं पाणी नुसत्या उताराने शहरात आलं. ती वाहिनी आजही चालू आहे.

घरांची गोष्ट मात्र उलटी आहे. पहिल्या महायुद्धानंतर साम्राज्य मोडलं, धान्य-कोळसा देणारे प्रांत परके झाले, लोक उपाशी होते. नेमक्या त्याच काळात, १९२३ साली, शहराने घरबांधणी कर लावला. गरिबाच्या खोलीला नाममात्र, आलिशान घरांना जबर. त्यातून १९३४पर्यंत ६० हजारांवर घरं उभी राहिली. एक किलोमीटरहून लांब पसरलेलं कार्ल-मार्क्स-होफ त्यातलंच. आत मोठाली अंगणं, सामाईक धुलाईघरं, बालवाड्या, वाचनालय. पुढे युरोपातल्या कितीतरी शहरांनी अशी घरं विकून टाकली. व्हिएन्नाने विकली नाहीत. आज सुमारे २ लाख २० हजार भाड्याची घरं शहराच्या मालकीची आहेत. माझ्या मते व्हिएन्नाचं सगळ्यात मोठं पर्यावरणाचं काम हेच. शहरात घर परवडलं की माणूस लांब उपनगरात फेकला जात नाही, आणि कामावर जायला त्याला गाडी घ्यावी लागत नाही.

आता पास. २०१२ साली तो ४४९ युरोंवरून ३६५ वर आणला (हा दर २०२५अखेरपर्यंत होता), पण त्याच वर्षी पार्किंग महाग केलं. शिवाय मालकांकडून दर कामगारामागे आठवड्याला ठरावीक रक्कम मेट्रोसाठी घेतली जाते. म्हणजे स्वस्ताईचा भार कुणीतरी उचलत होतं, आणि कुणी उचलायचा हे शहराने उघडपणे ठरवलं होतं. पुढे पासधारकांची संख्या शहरातल्या मोटारींपेक्षा जास्त झाली. याला जाहिरातबाजी कसं म्हणायचं?

कचऱ्याबाबत तुमच्याशी बराचसा सहमत आहे. शहरातल्या श्पिटेलाऊच्या कचरा जाळणाऱ्या भट्टीला १९८७च्या आगीनंतर हुंडर्टवासर या चित्रकाराने रंगीबेरंगी रूप दिलं, आणि पर्यटक तिचे फोटो काढतात, म्हणून जाळणं चांगलं ठरत नाही. तिच्या उष्णतेवर हजारो घरं आणि शहराचं मोठं रुग्णालय उबदार राहतं, हा फायदा खरा. पण कचरा मुळात कमी होणं केव्हाही बरं. त्याहून मोठी अडचण गॅसची आहे, जिचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. लाखो घरांत अजून गॅसवर हीटिंग चालतं. शहराच्या सिमरिंग भागात सांडपाण्यातून उष्णता काढणारे मोठे हीट पंप २०२३ साली सुरू झाले, पण २०४०पर्यंत कार्बन-तटस्थ व्हायचं, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं तर जुन्या इमारतींमधले बॉयलर एकेक करून काढावे लागतील, आणि त्याचा खर्च भाडेकरूवर पडता कामा नये. तिथे शहर कमी पडतंय असं दिसलं, तर तुमच्याइतक्याच कडक शब्दांत मीही लिहीन.