तोच झोपाळा, तीन घरं

'तेच सामान दोन मालिकांत दिसणं हा निव्वळ आळस' हे टीव्ही मालिकांच्या सेटवरच्या सामानाबद्दलच्या लेखातलं वाक्य मनाला लागलं. मी सहा वर्षं गोरेगावला मालिकांच्या सेटवर कलादिग्दर्शकांची साहाय्यक होते. हे सामान बहुतेक भाड्याचं असतं. घराचा सेट आठवड्याभरात उभा करायचा असला की गोदामात असेल तेच उचलावं लागतं. एकच सागवानी झोपाळा मी तीन घरांत टांगलाय. कोकणातल्या घरी पितळी कड्यांवर, पुण्याच्या फ्लॅटमध्ये कड्या काढून सुती दोरावर. तिसऱ्या वेळी पाटाचा एक कोपरा उडाला होता, म्हणून रात्री दोन वाजता बसून त्या मापाची गोधडी शिवली. याला आळस कसं म्हणायचं?

आणि हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. कॅलिफोर्नियातल्या 'अर्ल हेज प्रेस'ने छापलेलं एकच नकली वर्तमानपत्र 'मॅरिड विथ चिल्ड्रन', 'स्क्रब्ज', 'मॉडर्न फॅमिली' अशा कितीतरी मालिकांत पात्रांच्या हातात दिसतं. खरं वर्तमानपत्र दाखवायचं तर परवानगीची कटकट, हे तयार आणि स्वस्त. लेखात भाड्याचा आणि वेळेचा हा हिशेब यायलाच हवा होता.